मायग्रेशन की स्नॅपशॉट? आमचं मत

हिंजवडीच्या जाममधे बसून टाईप करतोय, सांभाळून घ्या. डेटाबेसचं मायग्रेशन म्हणजे किर्द, टेबलातला कुठला कॉलम कधी आला कधी गेला सगळं गिटमधे (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) ओळीने, आणि स्नॅपशॉट म्हणजे डेटाबेसचा आत्ताचा फोटो, बास.

नवीन पोरगं जॉइन झालं की त्याला पहिल्यापासूनच्या ४०० मायग्रेशन फाईली पळवायला लावू नका राव, स्कीमाचा डंप, म्हणजे नुसत्या टेबलांच्या रचनेचा स्नॅपशॉट, लोड करा, रेल्स या वेब फ्रेमवर्कमधेपण नवीन सेटअपला तेच करतात. फक्त प्रॉडक्शनचा, म्हणजे लाईव्ह सिस्टीमचा, डेटा लॅपटॉपवर घेताना कस्टमरचे फोन नंबर आधी पुसा.

पण लाईव्हवर मायग्रेशनच. जुना स्नॅपशॉट रिस्टोअर केलात तर मधल्या वेळच्या ऑर्डरी गेल्या की! त्यातही पोस्टग्रेस डेटाबेसमधे बहुतेक स्कीमा बदल एका ट्रान्झॅक्शनमधे (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) बसतात, फसलं तर सगळं मागे, मायएसक्यूएल डेटाबेसमधे मात्र अल्टर टेबल (टेबल बदलायची कमांड) मारला की आपोआप कमिट, बदल पक्का, म्हणजे पाच कमांडींतली तिसरी फसली तर पहिल्या दोन तशाच लटकलेल्या, आणि ते निस्तरायला रात्री तुम्हीच.

आणि हो, ड्रॉप कॉलमचं (कॉलम उडवायचं) मायग्रेशन पूर्ण झाल्यावर केलेलं रोलबॅक, म्हणजे ते उलटं फिरवणं, कॉलम परत आणतं, आतला डेटा नाही. तिथे आधी स्नॅपशॉट काढाच, मी एकदा नव्हता काढला.