बाळंतपण: ईएसआयसीचं कार्ड की सरकारी दवाखाना?

पगार 21,000 रुपयांच्या आत असेल आणि पावतीवर 0.75 टक्के कपात दिसत असेल, तर ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) सोडू नका. उपचार दोन्हीकडे फुकटच. खरा फरक पगाराचा. ईएसआयसीत पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे सरासरी रोजाइतकी पूर्ण रक्कम मिळते, त्यातले 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. अट एकच: लगतच्या आधीच्या दोन अंशदान कालावधींत (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च) मिळून किमान 70 दिवसांची वर्गणी.

गाडी अडते ती इथेच. नोकरी बदलली की नवा मालक सरळ नवा विमा क्रमांक काढतो, दिवस दोन क्रमांकांत विभागले जातात आणि 70 भरत नाहीत. रुजू होतानाच जुना क्रमांक द्या. आधारवरचं नाव माहेरचं आणि बँकेतलं सासरचं असेल तर तेही सातव्या महिन्याआधी जुळवून घ्या. कार्ड नवऱ्याचं असेल तर बायकोला उपचार मिळतात, रजेचा पगार नाही.

सरकारी दवाखान्यातल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (2011 पासून) ना वर्गणी, ना दिवसांचा हिशोब. सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त मोफत. जेवण साध्या प्रसूतीत 3 दिवस, सिझेरियनमध्ये 7. नेण्या-आणण्याला 102 ची रुग्णवाहिका. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाईला हाच रस्ता. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 5,000 रुपयेही मिळतात, त्यासाठी आशाताईंकडे लवकर नाव नोंदवा.