रेडीमेड क्रॅक फिलर पेस्ट: बारीक भेगांना मस्त, बीमखालच्या तड्याला नापास

डब्यात तयार मिळते ती ऍक्रिलिक क्रॅक पेस्ट घरातल्या भिंतींना वापरली, त्यावर ऊन थंडी दमट हवा सगळं होऊन गेलंय म्हणून आता लिहितोय, कारण भरल्या दिवशी कुठलीही भिंत छानच दिसते.

प्लास्टर वाळताना आकसतं आणि त्याच्या ज्या केसासारख्या भेगा पडतात ना, मिलिमीटरच्या आतल्या, त्यांना ही पेस्ट एक नंबर. पाणी मिसळायची भानगड नाही, गुठळ्या नाहीत, पुट्टी लावायच्या पत्र्यावर घ्यायची आणि दाबून भरायची. सिमेंटची पुट्टी वाळली की कडक होते, भिंत जरा हलली की पुन्हा त्याच जागी रेघ उमटते, ही मात्र वाळल्यावरही थोडी लवचिक राहते. बेडरूमच्या भिंतीवर भेगा कुठे होत्या ते आता शोधावं लागतं.

पण डब्यावर "फक्त भरा" टाईप जे लिहिलंय ते काही खरं नाही हां. नुसती वरून फासली तर आत जातच नाही. भेग आधी पत्र्याच्या टोकाने व्ही आकारात थोडी उघडायची (जीवावर येतं, पण करा), सुटलेले पोपडे काढायचे, ब्रशने धूळ झाडायची, किंचित ओला फडका फिरवायचा आणि मग भरायची. खोल असेल तर एका दमात भरू नका, पेस्टमधलं पाणी उडालं की ती खाली बसते आणि मधे खड्डा पडतो, म्हणून एक थर पूर्ण वाळला की दुसरा. आणि लवचिक असल्यामुळे घासताना पुट्टीसारखी भुकटी पडत नाही, रबरासारखी ओढली जाते, त्यामुळे जास्तीची पेस्ट ओली असतानाच काढून घ्या, नंतर 180 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने. प्रायमर मारल्याशिवाय रंग लावलात तर तेवढाच पट्टा लाईटमध्ये वेगळा चमकतो.

आता नापास कुठे झाली ते. बीमच्या खाली आडवा तडा होता, तिथे काही महिन्यांत पुन्हा उघडला. पेस्टचा एकटीचा दोष नाही म्हणा, बीमचं काँक्रीट उन्हाने भिंतीतल्या विटेच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, दोघांचा सांधा कायम हलत राहणार, पण मग "सर्व प्रकारच्या तड्यांसाठी" असं छापू नये ना! तिथे सांध्यावर जाळीची टेप हवी, आणि खरं तर प्लास्टर करतानाच बीम-कॉलम आणि विटांच्या सांध्यावर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) मारायला हवी होती, जी बरेच जण गाळतात.

स्विचबोर्डच्या वर सरळ उभा तडा असेल तर तो बहुतेक वायरिंगच्या पाइपसाठी भिंत फोडून नीट न भरल्याचा असतो. बोटाने ठोकून बघा, बद्द आवाज आला तर प्लास्टर सुटलंय, ते काढून नवीन करण्याशिवाय इलाज नाही. ओल असलेल्या भिंतीवर पण पैसे वाया, आधी गळती शोधा.

आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा उतरणारा तडा असेल तर ही पेस्ट आणूच नका, म्हणजे लगेच तरी. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजून ठेवा, वाढत असेल किंवा दारं अडकायला लागली तर पेंटरला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

बारीक भेगांसाठी पाचपैकी साडेचार, सांध्यांसाठी दीड. डबा घेताना लहानच घ्या, एकदा उघडला की झाकण कितीही घट्ट लावा वरचा थर सुकतोच, उरलेल्या पेस्टवर प्लास्टिक चिकटवून ठेवलं तर जरा जास्त टिकते.