रॉक गाण्यांच्या अर्थासाठी ‘जीनियस’

२००९ साली रॅप गाण्यांच्या शब्दांची उकल करण्यासाठी सुरू झालेले आणि २०१४ पासून ‘जीनियस’ या आटोपशीर नावाने ओळखले जाणारे हे संकेतस्थळ रॉकच्या श्रोत्यांनीही आवर्जून वापरावे असे आहे. ठळक केलेल्या ओळीवर बोट ठेवले की तिचे स्पष्टीकरण समोर येते आणि काही ठिकाणी ते खुद्द कलावंतानेच लिहिलेले असते.

ओळीगणिक वाचण्याची ही पद्धत किती मोलाची आहे, हे अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९८४ च्या ‘बॉर्न इन द यूएसए’ या गाण्यावरून कळते. धृपदाचा जल्लोष ऐकून अनेकांनी ते देशाभिमानाचे गीत मानले आणि त्याच वर्षी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनचा गौरवाने उल्लेख केला. कडव्यांत मात्र व्हिएतनामहून परतलेल्या, कारखान्यात काम न मिळणाऱ्या सैनिकाची व्यथा आहे. त्यातल्या खे सान्ह या व्हिएतनाममधील ठिकाणाचा संदर्भ, म्हणजे युद्धातला १९६८ चा तिथला वेढा, ठाऊक नसेल तर भाऊ गमावल्याच्या ओळीचा घाव जाणवतच नाही.

वाचकांनी लिहिलेल्या टिपांचा दर्जा सारखा नसणे ओघानेच आले. बीटल्स या बँडच्या ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’मध्ये शीर्षकाच्या आद्याक्षरांवरून एलएसडी हा अमली पदार्थ शोधणारे आजही भेटतात, पण हे शीर्षक आपल्या लहान मुलाच्या चित्रावरून सुचल्याचे बीटल्सच्या जॉन लेननने सांगितले होते. म्हणून माझा आग्रह असा, की आधी गाणे पूर्ण ऐकावे आणि मगच टिपा उघडाव्यात.