अकरा महिने वापरलेला थर्मास (तक्रार मुख्यतः वॉशरची)

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना हे मागे न बघताच म्हणाले, “अगं, आज पाऊस कोमट कसा काय?” पाऊस नव्हता तो. मोटारसायकलवर आमच्या दोघांच्या मधे ठेवलेल्या पिशवीतला चहा होता. आलं घातलेला, पाऊण थर्मास. ह्यांच्या शर्टावरून खाली उतरून तो सीटवर साचला आणि वर कासला पोचेपर्यंत आम्ही दोघं त्यात बसून होतो.

रिव्ह्यू त्याच रात्री लिहिला असता तर एक तारा दिला असता. आता राग निवलाय, मधे बरंच काही घडलंय, म्हणून नीट लिहिते.

साडेसातशे मिलीचा, स्टीलचा, दुहेरी भिंतीचा. बाकी माहिती खोक्यावर असते. गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये १,१४९ ला घेतला. घेण्याचं कारण सरळ होतं: ह्यांना फिरायला गेलं की टपरी दिसली तिथे थांबायची सवय. दोघांचे दोन-दोन चहा, पंधराच्या भावाने साठ रुपये. तोच चहा घरून नेला तर दूध, साखर, पावडर, गॅस सगळं धरून पस्तिसात होतो. फेरीमागे पंचवीस वाचले. कालनिर्णयावर मी प्रत्येक फेरीला टिंब करते. आजपर्यंत एकतीस टिंबं झाली, म्हणजे ७७५ वसूल, ३७४ बाकी. “पेट्रोल धरलंस का?” असं हे विचारतात. पेट्रोल तर टपरीवर जायलाही लागतंच.

पहिले तीन महिने माझं मत एकदम चांगलं होतं. आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं, ते ओतून मग चहा भरायचा, काठोकाठ. सकाळी साडेसहाला भरलेला चहा लिंब गावी बारा मोटेच्या विहिरीवर नऊ वाजता जीभ भाजेल इतका गरम. (विहीर पाहिली नसेल तर बघाच. १७१९ ते १७२४ मध्ये वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली, अष्टकोनी, आत चक्क महाल. खाली पायऱ्यांवर उन्हाळ्यातही गारवा असतो, तिथे गरम चहाची चैन वेगळीच.) मात्र दुधाचा चहा तीन तासांच्या पुढे ठेवू नका. गरम राहतो, पण वास बदलतो. गुळाचा तर भरूच नका. फाटलेला चहा घेऊन आम्ही एकदा सज्जनगडाच्या पायऱ्या चढलो आहोत.

आता वॉशर. झाकणाच्या आतल्या बाजूला खाचेत बसलेली सिलिकॉनची पांढरी रिंग, बांगडीच्या मानाने जरा लहान. हे हायस्कुलात विज्ञान शिकवतात, त्यामुळे मला हे फुकट समजलंय: दोन भिंतींच्या मधे निर्वात पोकळी, म्हणून बाजूंनी उष्णता फारशी जात नाही. जाते ती मुख्यतः तोंडाकडून. म्हणजे अकराशेच्या वस्तूचं सगळं काम त्या एका रिंगवर. आणि हीच रिंग वासाला पक्की. जानेवारीत मी थर्मासमध्ये एकदा टोमॅटोचं सार नेलं. स्टीलला काही झालं नाही, पण रिंगने ते सार मार्चपर्यंत लक्षात ठेवलं. म्हणून दर वेळी काढून सोडा लावून धुवायला लागले.

जुलैतल्या एका रविवारी भांडी ह्यांनी घासली. (रविवारी तेच घासतात, हे मान्य करायला हवं.) रिंग वाटीत भिजत होती. ह्यांना वाटलं, कांद्याची चकती. खरकट्यात गेली, सोमवारी सकाळी घंटागाडीत.

कस्टमर केअरला सात फोन केले. “मॅडम, वॉरंटी बॉडी पर है.” बॉडीला काय होणार आहे, ती माझ्यानंतरही राहील. वॉशर वेगळा मिळत नाही, पूर्ण झाकण घ्या, ३४९, कुरिअरचे ऐंशी वेगळे. बरं म्हटलं तर झाकण स्टॉकमध्ये नाही. कुकरची रिंग मिळते, मिक्सरच्या भांड्याची मिळते, साध्या नळाचा वॉशर दोन रुपयांपासून मिळतो, मग तुमचाच का नाही, असं मी तिसऱ्या फोनला विचारलं. त्या मुलाने माझी तक्रार ‘नोट’ केली. चौथ्या फोनला पुन्हा पहिल्यापासून नाव सांगितलं. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे असला फ्लास्क १८९२ मध्ये ड्यूअर नावाच्या शास्त्रज्ञाने तयार केला आणि त्याचं पेटंटही घेतलं नाही. त्या भल्या माणसाने कस्टमर केअर काढलं नसणार.

मग ह्यांनी चूक निस्तरायची म्हणून सायकलच्या ट्यूबमधून रिंग कापली. कंपास लावून, मन लावून. तीच घाटात दगा देऊन गेली.

दुसरा उपाय कुकर रिपेअरवाल्या काकांचा. त्यांनी पत्र्याच्या डब्यातून शोधून पंधरा रुपयांत एक रिंग दिली, जरा जाड. गळायचं बंद झालं. इतकं बंद झालं की ठोसेघरला धबधब्यासमोर बसलो आणि झाकण उघडेचना. उकळता चहा लगेच बंद केला की आतली वाफ थोडी निवली तरी झाकण आत ओढलं जातं, हे मला ह्यांनी झाकण पिळता पिळता समजावलं. झाकणावर गरम पाणी ओतलं की सुटतं म्हणे. गरम पाणी होतं, पण ते आतच होतं, आणि चहापत्ती घातलेलं. शेवटी वाटेवरच्या टपरीतल्या मावशींनी पातेल्यातलं पाणी ओतलं तेव्हा टक्कन सुटलं. फुकट पाणी कसं घ्यायचं म्हणून ह्यांनी तिथे दोन चहा सांगितले. चाळीस रुपये. हातात भरलेला थर्मास, आणि टपरीचा चहा. त्या टिंबाला मी कालनिर्णयावर फुली मारलीय.

इथे मत बदललं ते सांगायला हवं, नाहीतर एवढं चिडून मी ही वस्तू अजून का वापरते हे कळणार नाही.

टपरीवर ह्यांचा चहा पाच मिनिटांत संपतो. शेवटचा घोट घेताना किल्ली बोटात फिरायला लागते, “चल, निघू.” बावीस वर्षं मी तशीच उठत आले. थर्मासचं तसं नाही. त्यात सहा कप असतात, आणि केलेला चहा घरी परत नेऊन ओतायचा हे मला जमत नाही. संपवूनच उठायचं. म्हणजे दोघांना तीन-तीन कप, म्हणजे निदान पाऊण तास. संगम माहुलीच्या घाटावर कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथे पायऱ्यांवर बसतो, नाहीतर संध्याकाळी वर टेकडीवरच्या ‘चार भिंती’ला, खाली सगळं गाव दिवे लावत असतं. पहिल्या कपाला शाळा होते, कुणाची बदली, कुणाचा पेपर. दुसऱ्याला दुधाचे भाव आणि माझी बहीण. तिसऱ्याला बराच वेळ काहीच नसतं.

फेब्रुवारीत माहुलीला असाच तिसरा कप चालू होता. नदीत कुणीतरी दिवा सोडला होता, तो दगडाला अडून जागीच फिरत होता. हे म्हणाले, “ताईला होस्टेलला सोडून आलो ना, तेव्हा खंबाटकी चढताना रडू आलं होतं मला. हेल्मेट होतं म्हणून बरं.” दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक आणि तिचं सामान मामाच्या गाडीत, आम्ही मोटारसायकलवर. येताना मी मागेच बसले होते, ह्यांच्या पाठीला लागून. मला वाटलं होतं, वळणं आहेत म्हणून बोलत नाहीत.

मी काही बोलले नाही. उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला. गरम होता, हे नोंदवते. अडीच तास झाले होते.

रिंग नव्हती तेव्हा सांडू नये म्हणून थर्मास अर्धाच भरायचो आणि मी तो मांडीवर उभा धरून बसायची. अर्धा भरला की लवकर निवतो, आणि कप होतात तीन. दीड-दीड कपात दुधाच्या भावापर्यंतच पोचता येतं. सहा आठवडे मी त्या कंपनीवर का चिडले होते, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. ह्यांना तर वाटत होतं मी त्यांच्यावरच चिडलेय. तेही खोटं नाही.

गणपतीत लेक आली ती पुण्याच्या बोहरी आळीतून तीन मापांच्या तीन रिंगा घेऊन, साठ रुपये. मधली चपखल बसली. उलटा करून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवला, एक थेंब नाही. बाकीच्या दोन हळदी-कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवल्यात, वर चिठ्ठी लावून: ‘कांदा नाही.’ नंतर सप्टेंबरात कासला गेलो नाही. पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेल्यापासून फुलांच्या दिवसांत रविवारी साताऱ्याच्या माणसाने तिकडे फिरकू नये. आता परवा गेलो, तलावाकाठी बसलो. आमच्या नळाला कासचंच पाणी येतं. त्याच तलावाचं पाणी खाली आणून, उकळून, पंचवीस किलोमीटर वर नेऊन आम्ही प्यायलो. ह्यांना हे फार विनोदी वाटलं, दोन वेळा सांगितलं.

पाचपैकी साडेतीन तारे. एक वॉशर वेगळा न विकल्याबद्दल कापला, अर्धा त्या सात फोनांचा. घेणार असाल तर आधी झाकण उघडून रिंगचं माप मोजून ठेवा आणि त्याच आठवड्यात जास्तीच्या दोन आणा.

परवा कासहून उतरताना ह्यांनी विचारलं, ह्याच्यात लिटरचा मिळतो का. मिळतो, १,४४९ ला. आधी हे ३७४ वसूल होऊ देत म्हटलं. पण दिवाळीचा सेल लागला की बघते.