पेट साइट सुरू करायची आहे? तयार स्क्रिप्ट, स्वतःचा कोड की ॲप

पुण्यात कोड लिहिणारा माणूस सापडणं अवघड नाही. संध्याकाळी हिंजवडीतून निघणाऱ्या कुठल्याही बसमध्ये चार जण भेटतील. दर महिन्याला नेमाने नवी चित्रं देणारा माणूस मात्र सहज मिळत नाही, आणि ‘माझा प्राणी याने फसवून घेतला’ ही तक्रार रात्री अकरा वाजता शांतपणे वाचणारा तर त्याहून दुर्मीळ. तरीही आभासी पाळीव प्राण्यांच्या साइटचा, म्हणजे जिथे पडद्यावरचे प्राणी दत्तक घेऊन सांभाळायचे असतात अशा साइटचा, बेत शिजायला लागला की चर्चा सुरू होते ती कोणती भाषा, कोणता फ्रेमवर्क, कोणता सर्व्हर इथून. तीन वाटा इथे शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. मी त्या एकाच प्रश्नावर पारखतो: तिसऱ्या वर्षी ही साइट कोण सांभाळणार?

प्रश्न उगाच नाही. या खेळाचं आयुष्य लांब असतं. नीओपेट्स १९९९ मध्ये सुरू झालं, मालक बदलत गेले आणि अजून चालू आहे. क्लब पेंग्विन २००५ मध्ये आलं, २००७ मध्ये डिस्नीने घेतलं आणि २०१७ मध्ये बंद केलं. ड्रॅगन केव्ह २००६ पासून चालतंय, आणि त्याचा गाभा इतकाच की अंड्यावर पुरेशा लोकांच्या नजरा पडल्या तर ते फुटतं, मुदतीत नाही पडल्या तर मरतं. पैसा किंवा झगमगाट जास्त असलेला टिकतोच असं काही या यादीतून दिसत नाही.

तयार स्क्रिप्ट: दोन नावं, दोन वेगळे खेळ

तयार म्हटलं की दोन नावं पुढे येतात, मायसिडिया आणि लोरकीपर. दोन्ही पीएचपी या वेबसाइटसाठीच्या भाषेत लिहिलेल्या, दोन्हींचा कोड सगळ्यांना बघता येतो. नवखे लोक दोन्हींची तुलना एकाच मालाचे दोन ब्रँड असल्यासारखी करतात. तसं नाही.

मायसिडिया हा जुन्या पद्धतीचा ‘दत्तक घ्या, क्लिक करा, वाढवा’ असा खेळ आहे. नोंदणी, प्राणी, पातळ्या, दुकान, वस्तू, अदलाबदल, पैदास, ॲडमिनसाठी पॅनल हे सगळं आधीच बांधलेलं मिळतं. साध्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) ते उभं राहतं, आणि थोडं पीएचपी येणाऱ्याला शनिवार-रविवारात चालती साइट दिसते. अडचण नंतर येते. तुमचा खेळ इतरांपेक्षा वेगळा हवा म्हणून तुम्ही मूळ फायलींतच हात घालता, आणि मग पुढची सुधारित आवृत्ती आली की ती चढवता येत नाही, कारण चढवली तर तुमचे बदल पुसले जातात. सहा महिन्यांत ती स्क्रिप्ट ‘तयार’ राहत नाही. दुसऱ्याच्या हातचा जुना कोड तुम्ही सांभाळत बसता.

लोरकीपर लाराव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कवर (कोडच्या तयार सांगाड्यावर) उभं आहे आणि ते मुळात चित्रकारांच्या समूहांसाठी आहे. तिथे कोणता प्राणी कोणाच्या मालकीचा याची मुख्य नोंदवही असते. सदस्यांना विषय दिले जातात, ते चित्र काढतात किंवा गोष्ट लिहितात, ॲडमिन ती मंजूर करतो आणि बदल्यात नाणी किंवा वस्तू मिळतात. भूक, खाऊ, रोजची आंघोळ असलं काही त्यात मुळात नाही. तुमच्या डोक्यात तामागोची (छोट्या खेळण्यातला, सतत खाऊ घालून जगवायचा प्राणी) असेल तर लोरकीपर घेऊन पस्तावाल. पण अभिनव कला महाविद्यालयातले किंवा लोणी काळभोरच्या एमआयटी डिझाइनमधले आठ-दहा मित्र मिळून एक काल्पनिक प्रजाती चालवणार असतील, तर यापेक्षा चांगलं मला तरी दिसत नाही. फक्त मंजुरीचं काम हातानेच करावं लागतं. महिनाभर कोणी रांग उपसली नाही तर सदस्य दुसरीकडे जातात.

स्वतःचा कोड: वाटतो तितका मोठा नाही, पण तीन जागी पाय घसरतो

पहिली जागा भुकेची. नवखा माणूस दर तासाला एक काम लावतो, जे डेटाबेसमधल्या प्रत्येक प्राण्याची भूक एकने वाढवतं. शंभर प्राणी असेपर्यंत ठीक. लाखभर झाले की दर तासाच्या ठोक्याला साइट अडखळते. खरं तर भूक साठवायचीच नाही. शेवटचं खाणं किती वाजता दिलं एवढंच साठवायचं, आणि कोणी तो प्राणी बघायला आला की आत्ताच्या वेळेतून वजाबाकी करून भूक काढायची. जो प्राणी कोणी बघत नाही, त्याच्यासाठी सर्व्हरने काहीही करायची गरज नाही.

दुसरी जागा अदलाबदलीची. एकच वस्तू दोन टॅबमध्ये उघडून एकाच क्षणी दोघांना विकायची, ही युक्ती मुलांना तुमच्या आधी सापडते. नाणी कापणं आणि वस्तू देणं हे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये झालं पाहिजे, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही, आणि ते चालू असताना डेटाबेसमधली त्या वस्तूची ओळ लॉक राहिली पाहिजे. शिवाय शिल्लक थेट बदलू नका. किराणा दुकानदार वहीत जमा-नावे मांडतो तशी प्रत्येक देवाणघेवाण वेगळी नोंदवा. भांडण सोडवताना हीच वही कामाला येते.

तिसरी जागा मराठीची, आणि परदेशी स्क्रिप्टमध्ये ती हमखास दुर्लक्षित असते. ‘श्री’ तुम्हाला एक अक्षर दिसतं, संगणकाला श, पाय मोडायची खूण, र आणि वेलांटी असे चार संकेत दिसतात. प्राण्याच्या नावाला बारा अक्षरांची मर्यादा घातली आणि मोजणी संकेतांची ठेवली, तर ‘लक्ष्मीप्रिया’सारखं साधं नावसुद्धा तेरा भरतं आणि कापताना शेवटची मात्रा गळून ‘लक्ष्मीप्रिय’ होतं. मोजायचं ते जोडाक्षर धरून. डेटाबेसची अक्षरमांडणी यूटीएफ-८ एमबी४ (utf8mb4) ठेवा, आणि ‘सुऱ्या’तला ऱ्य नीट उमटतो का ते निवडलेल्या फाँटमध्ये आधी पाहा. Mukta किंवा Baloo हे फाँट चांगले चालतात, दोन्ही मोफत आहेत.

या तिन्ही गोष्टी ज्याला वाचून समजल्या, त्याने स्वतःचाच कोड लिहावा असं माझं मत आहे. लाराव्हेल किंवा पायथनमधलं जँगो असं फ्रेमवर्क घेतलं तर लॉगिन, पासवर्ड, ईमेल असला रटाळ भाग आयता मिळतो. उरतो तो तुमचा खेळ. ज्याला त्या डोक्यावरून गेल्या, त्याने मायसिडियावर नमुना उभा करून पंचवीस ओळखीच्या लोकांना खेळायला द्यावा. कल्पनेत दम आहे का ते तेवढ्यात कळतं.

ॲप: आधी नकोच

ॲपच्या बाजूने एकच भक्कम मुद्दा आहे, तो म्हणजे आपल्याकडे बहुतेकांच्या हातात फक्त फोन असतो. पण त्यासाठी फोनवर नीट दिसणारी साइट पुरते. ॲप काढलं की गूगलला एकदाच २५ डॉलर आणि ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर द्यायचे. गूगलवर नवं वैयक्तिक खातं असेल तर आधी १२ परीक्षक सलग १४ दिवस जमवून दाखवायचे, आणि आतल्या विक्रीवर लहान कमाईलाही साधारण १५ टक्के कापून द्यायचे. दुकानात एक नवी टोपी ठेवायची किंवा चूक दुरुस्त करायची तर साइटवर पाच मिनिटं लागतात, ॲपमध्ये बऱ्याचदा पुन्हा तपासणी. ज्यांना रोज छोटे बदल करत राहायचे आहेत त्यांना हे जाचतं. साइट वर्षभर चालली, रोज येणारी माणसं जमली, मग ॲपचा विचार करा.

चित्रं: खरा खर्च इथे

एक साधा हिशेब करा. चार प्रजाती, दहा रंग, सहा प्रकारची नक्षी, पिल्लू आणि मोठा अशी दोन वयं. प्रत्येक चित्र वेगळं काढायचं तर ४८० चित्रं होतात. तेच थरांत काढलं, म्हणजे रेषा, मूळ रंग, सावली आणि सहा नक्षी असे नऊ थर, तर चार प्रजाती आणि दोन वयांसाठी ७२ फायली पुरतात. रंग कोड भरतो. नवा अकरावा रंग घालायचा तर पहिल्या पद्धतीत आणखी ४८ चित्रं, दुसऱ्यात एकही नाही. थरांच्या चित्रांत थोडा साचेबंदपणा येतो हे खरं, पण दोन माणसांच्या साइटला दुसरा मार्ग परवडत नाही.

चित्रकाराशी करार लेखी करा, मग तो सख्खा मावसभाऊ का असेना. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ नुसार बाहेरच्या चित्रकाराने काढलेल्या चित्राचा पहिला हक्क त्याचाच राहू शकतो. तो तुमच्याकडे येण्यासाठी सही केलेला कागद लागतो, आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. म्हणजे सहाव्या वर्षी तुमच्या साइटवरचे सगळे प्राणी कायद्याने दुसऱ्याचे होऊ शकतात.

प्रजाती निवडताना ड्रॅगन आणि युनिकॉर्न यांची गर्दी जगभर आहेच. शेकरू, साळिंदर, खवले मांजर, उदमांजर यांची नाही. भीमाशंकर आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे, शेकरूचे संदर्भ फोटो काढायला फार लांब जावं लागत नाही. मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याखाली असे प्राणी प्रत्यक्षात घरी पाळता येत नाहीत. तेव्हा मुलांसाठीच्या खेळात ते ‘पाळलेले’ दाखवण्यापेक्षा जखमी प्राण्याला बरं करून जंगलात सोडण्याचं केंद्र अशी मांडणी जास्त शोभेल. खेळायलाही ती वेगळी वाटेल.

आणि प्राणी मरू द्यायचा का? तामागोचीत मरतो, नीओपेट्समध्ये कितीही उपाशी राहिला तरी मरत नाही. आपल्याकडे मार्चमध्ये परीक्षा असतात, घरातला फोन महिनाभर कपाटात जातो. एप्रिलमध्ये परतलेल्या मुलाला थडगं दाखवलं तर ते पुन्हा येणार नाही. मी मरण ठेवणार नाही. रुसवा ठेवेन.

पैसा आणि कायदा

जाहिराती, सदस्यत्व, की नाणी विकणं? खेळणारी मुलं असतील तर पहिला पर्याय जवळजवळ मिटला समजा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. त्यांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, आणि त्यांचा माग ठेवण्याला व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्याला मनाई करतो. मुलांबाबतच्या जबाबदाऱ्या चुकवल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. एकट्यादुकट्याला सोपं म्हणजे साइट सुरुवातीला प्रौढांसाठीच ठेवणं. जन्मतारखेसारखी जी माहिती लागत नाही ती घेऊच नका. २०२२ मध्ये नीओपेट्सच्या सुमारे ६ कोटी ९० लाख खात्यांचा डेटा फुटला, त्यात जन्मतारखाही होत्या.

नाणी विकायची तर एक रेषा पाळा: पैसा साइटमध्ये आत येईल, खेळाडूकडे परत कधीच जाणार नाही. विकत घेतलेली नाणी नशिबाच्या चक्रावर लावून जिंकलेलं रोखीत बदलता येत असेल, तर ते २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी घातलेल्या पैशांच्या खेळात मोडू शकतं. म्हणून नशिबाचं चक्र ठेवायचं असेल तर रोजची एक फुकट फेरी ठेवा आणि विकायचं ते डोळ्यांना दिसणारं: पार्श्वभूमी, टोप्या, जास्तीच्या जागा. सदस्यत्व मला सगळ्यात सरळ वाटतं. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर जायला लागली की जीएसटी नोंदणी लागते. त्याआधीच सीएला भेटा.

होस्टिंगवर फार वेळ घालवू नका. महिना ५०० ते १००० रुपयांचा छोटा व्हर्च्युअल सर्व्हर पहिली काही हजार माणसं सहज पेलतो. मुंबईतलं डेटा सेंटर निवडलं की झालं. (सर्व्हर पुण्यातच हवा असा हट्ट असेल तर मायक्रोसॉफ्टचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग पुण्यातच आहे. अभिमान वेगळा, बिल वेगळं.) घरच्या जुन्या संगणकावर साइट चालवायचा विचार मात्र गुरुवारी दुपारी, महावितरणच्या दुरुस्तीसाठी वीज बंद असताना, एकदा करून पाहा.

आता निवड. चित्रकारांचा कंपू असेल तर लोरकीपर, आणि मंजुरीसाठी आठवड्याचे दोन ठरलेले दिवस. एकटाच असाल आणि कोड येत नसेल, तर मायसिडियावर नमुना काढा, त्यावर पैसे घेऊ नका आणि प्राणी कायमचे राहतील असं वचन कोणाला देऊ नका. एक चितारणारा आणि एक लिहिणारा अशी जोडी असेल तर स्वतःचा कोड, दोनच प्रजाती, थरांतली चित्रं. नोंदणी पहिले काही महिने आमंत्रणावरच ठेवा. फ्लाइट रायझिंगसारखी मोठी साइटसुद्धा नोंदणीचे दरवाजे ठरावीक वेळीच उघडत आली आहे. त्या काळात रोजचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर पाठवा, आणि पहिल्याच महिन्यात त्या बॅकअपवरून पूर्ण साइट एकदा रिकाम्या जागी उभी करून बघा.