गॅरेजसाठी स्लॉटेड अँगलचा रॅक: घ्यावा, पण गेज मोजून

घरच्या वर्कशॉपसाठी स्लॉटेड अँगलच्या, म्हणजे ओळीने भोकं असलेल्या काटकोनी पट्ट्यांच्या, लोखंडी रॅकइतकी कामाची दुसरी मांडणी नाही. शेल्फ हवे तेव्हा वर-खाली करता येतात, आणि मोडतोड झाली तर तेवढाच भाग बदलता येतो. प्लायवूडचं कपाट तळमजल्याच्या ओलीत फुगतं.

खरी मेख गेजमध्ये, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या आकड्यात आहे. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. उभे अँगल 14 गेजचे, म्हणजे साधारण 2 मिमी, आणि शेल्फ 18 गेजचे, म्हणजे 1.2 मिमी घ्या. स्वस्त रॅकला 22 गेजचे शेल्फ असतात. त्यावर बेंच ग्राइंडर ठेवला की मधोमध पोट सुटतं. दुकानात व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावून बघाच, रंगाचा थर वजा धरून.

शेल्फच्या प्रत्येक कोपऱ्यात दोन, म्हणजे पाच शेल्फना 40 बोल्ट लागतात. सगळे आधी हातानेच बसवा. मागच्या बाजूचे दोन्ही कर्ण मोजमापाच्या टेपने मोजा, सारखे आले की मगच पाना फिरवा. आधीच आवळलं तर रॅक तिरका बसतो आणि हलतो. वरच्या व खालच्या शेल्फला कॉर्नर प्लेट, म्हणजे कोपरा घट्ट धरणाऱ्या तिकोनी पट्ट्या, हव्यातच. बरेच दुकानदार त्या मागितल्याशिवाय देत नाहीत.

ड्रिल आणि व्हाइस खाली, पेटी-खिळे कमरेच्या उंचीवर. उंच रॅक भिंतीला जखडावा. कापलेल्या कडांवर पावडर कोटिंग नसतं, तिथे पावसाळ्याआधी रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मारा.