नवा म्हणून गळ्यात मारलेला कापीव टायर

गोटा झालेल्या टायरवर गरम पात्यानं पुन्हा नक्षी कोरायची, वर काळं पॉलिश फासायचं आणि "नवाच आहे, स्टॉक जरा मागचा आहे" म्हणून गिऱ्हाइकाला विकायचा, हा धंदा आमच्या भागात राजरोस चालतो. २०२५ च्या मे महिन्यात असाच एक टायर माझ्या दीडशे सीसीच्या गाडीच्या मागच्या चाकात बसवला गेला. तो ओळखायचा कसा हे आता पक्कं कळलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. पावसाळ्याच्या तोंडावर टायर घेणाऱ्यांनी निदान मधला भाग तरी वाचावा.

कामानिमित्त माझं कराड ते चिपळूण येणं-जाणं असतं, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. मागचा टायर मधोमध सपाट झाला होता. हायवेवर सरळ चालणाऱ्या गाडीचं असंच होतं, कडा शाबूत राहतात आणि मधला पट्टा आधी जातो. खाचांच्या तळाशी जे छोटे आडवे उंचवटे असतात, ते वरच्या रबराच्या पातळीला आले होते. टायर बदलायची वेळ झाली, याची कंपनीनंच करून ठेवलेली ही खूण. टायरच्या बाजूवर, कडेशी, 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. तिथून सरळ वर नक्षीत गेलं की तो उंचवटा सापडतो. दुचाकीला ०.८ मिमी खाच उरणं ही कायद्यानं किमान मर्यादा आहे, चारचाकीला १.६. पावसात घाट उतरणाऱ्यानं ०.८ ची वाट पाहू नये असं माझं मत आहे. खाचेचं काम पाणी बाहेर फेकायचं, आणि एवढ्याशा खाचेतून कितीसं पाणी जाणार? पण ते असो. माझा टायर बदलायलाच झाला होता, त्यात वाद नव्हता.

दुकान हायवेलगतचं, बऱ्यापैकी मोठं. दर्शनी भागात प्लास्टिकच्या पट्ट्यांत गुंडाळलेले नवे टायर रांगेनं टांगलेले. १००/९०-१७, ट्यूबलेस असं सांगितल्यावर मालकानं आधी बावीसशेच्या आसपासचा भाव सांगितला. मग माझ्याकडे जरा निरखून पाहत म्हणाला, "दादा, घरच्यासारखं सांगतो. ह्याच कंपनीचा एक पीस आहे, स्टॉक जरा मागचा आहे. पंधराशेत बसवून देतो." पोऱ्यानं आतून टायर आणला. काळाकुळकुळीत, खाचा बोटाचं टोक बुडेल अशा. मी खाचेत नख घालून पाहिलं, बाजूवर कंपनीचं नाव वाचलं, साइज वाचला. सगळं बरोबर होतं. बरोबर असणारच, कारण टायर त्याच कंपनीचा आणि त्याच साइजचा होता. फक्त कोणाच्या तरी गाडीखाली आधी हजारो किलोमीटर पळून आलेला.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, "पक्कं बिल केलं तर अठ्ठावीस टक्के जीएसटी चढतो, कशाला उगाच वाढवताय?" तेव्हा नव्या टायरवर २८ टक्के कर होता हे खरं. पण छापील किमतीत कर आलेलाच असतो, तो वरून चढत नाही. (२२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झालाय. सबब मात्र अजून तीच ऐकायला मिळते, नुसता आकडा बदललाय.) शेवटी एका चिटोऱ्यावर "टायर १ नग, १५००" एवढं लिहून मिळालं. ना कंपनी, ना साइज. पैसे यूपीआयनं दिले, तेही दुकानाच्या नावावर न जाता कोणा व्यक्तीच्या नावावर गेले.

निघताना पोऱ्यानं विचारलं, "जुना ठेवू का इथंच? पन्नास रुपये कमी करतो." भंगारात जाईल म्हणून बहुतेक लोक ठेवतात, मीही ठेवला. त्या पन्नास रुपयांचा अर्थ पुढं कळला.

पावसाळा लागला तसा मागच्या चाकातली हवा उतरायला लागली. पंक्चर म्हणावं तर खिळा नाही, काटा नाही. सकाळी २८ भरावी आणि दोन दिवसांनी चाक दबलेलं. कोयनेच्या अलीकडे रस्त्याकडेला एक पंक्चरवाले आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी चाकावर साबणाचं पाणी ओतलं. एका खाचेच्या तळातून बारीक बुडबुडे यायला लागले, पण भोक कुठंच दिसेना. मामांनी बॅटरी लावली, खाच दोन्ही अंगठ्यांनी फाकवली आणि मला खाली वाकायला सांगितलं. खाचेच्या तळाला लांबट चीर पडली होती आणि तिच्यातून आतल्या कापडाचे धागे दिसत होते.

"साहेब, ह्यो टायर नवा न्हाय," मामा म्हणाले. "कापलाय ह्यो."

पुढचा तासभर त्यांनी चाक उतरवून मला जे दाखवलं, ते कुठल्याही दुकानात शिकायला मिळालं नसतं. तरुणपणी ते अशाच एका गोडाऊनवर कामाला होते. काम कसं चालतं ते त्यांनी सांगितलं. विजेवर तापणारं यू आकाराचं पातं असतं. झिजलेल्या टायरची जुनी खाच जिथं पुसट उरलेली असते, तिच्यावरूनच ते ओढत न्यायचं. रबर सालपटासारखं निघत जातं आणि खाच पुन्हा खोल दिसते. मग वायर ब्रशनं साफ करायचं, बाजूवर तारखेचा आकडा असतो तिथं ग्राइंडर फिरवायचा आणि वरून काळं पॉलिश मारायचं. सराईत हाताला एका टायरला फार वेळ लागत नाही. कच्चा माल म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांनी पन्नास रुपयांत ठेवून आलेले टायर.

ट्रकच्या काही टायरांना अशी नक्षी पुन्हा कापायची मुभा असते. त्यांच्या बाजूवर तसं लिहिलेलं असतं आणि त्यासाठी खाचेखाली जादा रबर मुद्दाम दिलेलं असतं. मोटरसायकलच्या टायरला ती सोय नाही. खाचेखाली रबराचा पातळ थर, त्याखाली लगेच कापड. पातं जरा खोल गेलं की कापडच उघडं पडतं. खड्ड्यात चाक आदळलं, मागं माणूस बसलेला असला, की तिथंच चीर जायला सुरुवात होते. टायर फुगून फुटला तर घाटात काय होईल, ते लिहायची गरज नाही.

आता ओळखायच्या खुणा. मामांनी दाखवल्या त्या, आणि नंतर मी चार दुकानं हिंडून नव्या टायरांवर ताडून पाहिल्या त्या.

सगळ्यात पक्की खूण म्हणजे तो टीडब्ल्यूआयचा उंचवटा. खाच किती खोल आहे याला काही अर्थ नाही, कारण पात्यानं ती हवी तेवढी खोल करता येते. बाजूवरची खूण शोधा, तिच्या रेषेत खाचेत पाहा. तळाशी उंचवटा स्वच्छ, कडा धरून, खाचेच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत असला पाहिजे. कापलेल्या टायरात पातं त्याच्यावरूनच गेलेलं असतं, त्यामुळं उंचवटा एक तर गायब असतो किंवा मधोमध खरवडलेला. एकच जागा पाहून थांबू नका. असे उंचवटे टायरभर ठरावीक अंतरावर असतात, दोन-तीन तरी पाहा. माझ्या टायरात एकही शाबूत नव्हता.

खाचेची भिंत पाहा. साच्यातून निघालेल्या टायरच्या खाचा सगळीकडे सारख्या रुंदीच्या आणि गुळगुळीत असतात, तळाचा कोपरा एकसारखा वळलेला असतो. पात्यानं कापलेल्या खाचेला हाताचं थरथरणं कळतं. कुठं रुंद, कुठं अरुंद, वळणावर पातं उचलून पुन्हा टेकवल्याची पायरी. कडेच्या बारीक रेघा कोरायचा कंटाळा करतात, त्यामुळं मधली नक्षी खोल आणि कडेची नक्षी घासलेली असा विचित्र टायर दिसतो.

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, साच्यातली हवा निघायच्या भोकांतून आलेले. दुकानात हाताळून काही तुटतात, पण सहसा थोडे तरी उरतात, निदान त्यांची ठिपक्यांसारखी बुडखं तरी दिसतात. नख दाबून पाहा, नवं रबर जरासं दबतं आणि परत येतं. वर्षानुवर्षं उन्हात तापलेलं रबर कडक लागतं, आणि रस्ता ओला असताना तेच घसरतं. पॉलिशला फसू नका. ओल्या फडक्यानं टायर पुसा, काळं फडक्याला येतंय का बघा. दुकानदार "कशाला दादा, हात काळे करताय" म्हणाला, तर आणखी जोरात पुसा.

मग तारीख. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. टायरच्या एकाच बाजूवर असू शकतात, म्हणून बसवायच्या आधी दोन्ही बाजू पाहा. एकदा चाकात बसला की ती बाजू सायलेन्सरच्या आड जाते आणि मग कोण वाकून बघतंय? आकडे खरवडलेले असतील तर पुढं बोलायचंच नाही, उठून यायचं. खरोखरच 'मागचा स्टॉक' असेल तर तारीख वाचता येते. सावलीत नीट ठेवलेला वर्षभरापूर्वीचा टायर घ्यायला हरकत नाही. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, खाच शिल्लक असली तरी, वापरू नये.

ह्याच धंद्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती जास्त लोकांना लागू होते. माझ्या मावसभावाची गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, तिथं त्याला सांगितलं, "साहेब, मागचा टायर गेला, पावसाळ्याआधी बदलून टाका." त्यानं मला फोन केला. मी म्हटलं, उंचवटा दिसतोय का बघ. तो खाचेच्या तळाशी खोल, रबर त्याच्यावर भरपूर. टायर निम्मासुद्धा झिजला नव्हता. असा निम्मा टायर काढून घेतला की त्याला कापायचीही गरज नाही, पॉलिश मारला की तो सेकंडहँड म्हणून चांगल्या भावाला जातो. "टायर गेला" असं कोणी म्हणालं की गेलेला कुठं आहे, ते हात लावून दाखवायला सांगा. बाजूला खोल भेगा, फुगवटा, उघडं पडलेलं कापड किंवा पातळीला आलेला उंचवटा, यातलं काही दाखवता आलं तर ठीक.

बिलाबद्दल एक बारकी गोष्ट. पक्क्या बिलावर मालाचा एचएसएन क्रमांक, म्हणजे माल कुठल्या प्रकारचा ते सांगणारा आकडा, असतो. नव्या टायरचा ४०११, वापरलेल्या किंवा रिट्रेड केलेल्या (जुन्यावर नवं रबर चढवलेल्या) टायरचा ४०१२. बिलावर कंपनी, साइज आणि तारखेचे चार आकडेही लिहून मागा. प्रामाणिक दुकानदाराला त्यात काही वाटत नाही.

मी टायर घेऊन त्या दुकानात परत गेलो. मालकानं टायर हातातही घेतला नाही. "हा आमचाच कशावरून?" एवढंच म्हणाला. चिटोऱ्यावर काही लिहायचं नसतं ते यासाठीच. यूपीआयची नोंद दाखवली तर म्हणाला, तो दुसऱ्या कामाचा हिशेब असेल. आतल्या खोलीचं दार पोऱ्यानं तेवढ्यात ओढून घेतलं. जळक्या रबराचा वास मात्र बाहेर येतच होता.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. मालाचं बिल न देणं हेही त्याच व्याख्येत बसतं. म्हणजे माझ्याकडं बिल नाही हा माझ्या बाजूचा दुबळेपणा नसून त्याच्या बाजूची दुसरी अनुचित प्रथा आहे, हे वाचून बरं वाटलं. दोन्ही मुद्दे लिहून स्पीड पोस्टानं नोटीस पाठवली. सोबत खाचेचे फोटो, यूपीआयची नोंद आणि टायर बसवला त्या दिवशी घरी काढलेला गाडीचा एक फोटो, ज्यात मागचं चाक नशिबानं स्पष्ट आलं होतं.

चार दिवसांत त्याचा फोन आला. आवाज एकदम मवाळ. "दादा, पंधराशे घेऊन जा, फक्त टायर तेवढा परत आणून द्या." मी म्हटलं, पैसे घेतो, पण टायर आडवा कापून तुकडे देतो. ते त्याला चालेना. अख्खाच पाहिजे म्हणाला.

पैसे परत घेतलेले नाहीत. ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला फी लागत नाही, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. टायर पुरावा म्हणून माझ्याकडंच आहे. नवा घेतला तेव्हा उंचवटे पाहिले, आकडे वाचले, पक्कं बिल घेतलं. चाकातून निघालेला टायर या वेळी तिथं ठेवला नाही, त्याचे पन्नास रुपये अर्थातच मिळाले नाहीत. हायवेवरचं दुकान अजून चालू आहे, दर्शनी भागात नव्या टायरांची रांगही तशीच आहे.